पवनेकाठचे ठेंगणे देऊळ

अनंत चतुर्दशीला महाराष्ट्रात एका माणसाच्या नावाचा जेवढा गजर होतो, तेवढा दुसऱ्या कोणाच्या नावाचा क्वचितच होत असेल. लहान मुले, ढोलपथकातल्या मुली, ट्रकवर उभे असलेले कार्यकर्ते, घरातल्या बादलीत शाडूची मूर्ती विसर्जित करणारे आजोबा हे सगळे गणपतीचा जयजयकार करताना त्याच्या पाठोपाठ मोरया म्हणतात. मोरया हे गणपतीचेच एक नाव, मोरगावच्या मयूरेश्वराचे, असे जाणकार सांगतील, आणि ते बरोबरच आहे. पण ते एका भक्ताचेही नाव आहे. हा भक्त चिंचवडला राहिला आणि पवनेच्या काठी त्याने समाधी घेतली. देवाच्या नावात भक्ताचे नाव इतके मिसळले की आता ते वेगळे काढता येत नाही. वारकऱ्यांच्या मुखी ज्ञानोबा-तुकाराम ही नावे येतात, तेव्हा ती माणसांची नावे आहेत हे पोरासोरांनाही ठाऊक असते. मोरया गोसावींच्या वाट्याला मात्र नाव घराघरांत आणि माणूस अंधारात, असे काहीसे आले आहे.

या माणसाकडे जाण्याचा रस्ता मला एका इमारतीतून सापडला. चिंचवडगावात, नदीच्या घाटाला लागून त्यांचे समाधीमंदिर आहे. हिंजवडीच्या काचेच्या इमारती, चाकणचे मोटारींचे कारखाने, भोसरीच्या शेडी आणि आकुर्डी-निगडीचे मजल्यावर मजले यांच्या मधोमध हे देऊळ बसले आहे. बसले आहे असे मुद्दाम म्हणतो, कारण ते उभे आहे असे वाटतच नाही. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटिअरने त्याची नोंद ठेंगणी, साधी इमारत अशी केली आहे. मापे दिली आहेत तीस, वीस आणि चाळीस फूट. पुढे चौकोनी सभामंडप आणि आत अष्टकोनी गाभारा, एवढाच त्याचा पसारा. घेराने ते एखाद्या बऱ्यापैकी फ्लॅटएवढे भरेल. ज्याचे नाव कोट्यवधी लोक घेतात, त्याचे स्मारक एवढेसे का, हा प्रश्न मला पहिल्याच भेटीत पडला. त्याचे उत्तर शोधता शोधता मोरया गोसावींचे चरित्र हाती लागत गेले.

चरित्राची जी गोष्ट घरोघर सांगितली जाते ती अशी. शाळिग्राम आडनावाचे वामनभट आणि त्यांची पत्नी पार्वतीबाई हे मूळचे बीदरकडचे दांपत्य. मूलबाळ नव्हते म्हणून ते मोरगावी येऊन मयूरेश्वराच्या पायाशी राहिले. पुढे मुलगा झाला. देवाचा प्रसाद म्हणून त्याचे नाव मोरया ठेवले. मुलगा मोठा झाला तसा त्याचा ओढा संसाराकडे कमी आणि देवाकडे जास्त दिसू लागला. नयनभारती नावाच्या गुरूंनी त्याला उपदेश केला आणि थेऊरला, मुळा-मुठेच्या काठी, तपाला बसायला सांगितले. तिथे त्याने बेचाळीस दिवस अनुष्ठान केले. थेऊरचा गणपती चिंतामणी म्हणून प्रसिद्ध आहे. आपल्या मुलाचे नाव मोरयांनी पुढे चिंतामणी ठेवले, त्यामागे या बेचाळीस दिवसांची आठवण असणार.

मुलगा झाला म्हणजे लग्नही झाले. ताथवड्याच्या गोविंदराव कुलकर्ण्यांची मुलगी उमाबाई ही त्यांची पत्नी. ताथवडे म्हणजे आज जिथे महामार्गाच्या कडेला इंजिनिअरिंग कॉलेजे आणि गृहसंकुले आहेत, तेच. त्या काळी तिथे रान होते. त्या रानातून आणि मग चिंचवडातून हा गृहस्थ मोरगावची वारी करी. चिंचवड ते मोरगाव हे अंतर आजच्या रस्त्याने सुमारे ऐंशी किलोमीटर. वाटेत दिवेघाट किंवा बोपदेव, मग सासवड, मग कऱ्हेचा मुलूख. ही वाट ते पायी चालत, पुन्हा पुन्हा चालत. साधुत्वाच्या कल्पनेत आपण चमत्कार आधी धरतो. मला मात्र या चरित्रात सर्वांत मोठी गोष्ट ही पायपीट वाटते. घरी बायको आहे, मूल आहे, दारी आलेल्या माणसाला जेवू घालायचे आहे, आणि तरीही तिथी आली की खांद्यावर पडशी टाकून निघायचे.

कथेत पुढे असे येते की वय झाले, चालणे होईना. तेव्हा देवानेच दृष्टान्त दिला की आता तू येऊ नकोस, मीच तुझ्याकडे येतो. कऱ्हेत स्नान करताना मोरयांच्या ओंजळीत गणपतीचा तांदळा आला. तांदळा म्हणजे हातपाय, सोंड असे काही न कोरलेला, शेंदूर चढलेला दगड. तो त्यांनी चिंचवडला आणला. चिंचवडच्या मंगलमूर्ती वाड्यात आजही त्याची पूजा होते. आणि गंमत पाहा, देव घरी आला तरी वारी थांबली नाही. भाद्रपदात आणि माघात मंगलमूर्तींची पालखी चिंचवडहून मोरगावला जाते ती आजतागायत. आधी भक्त देवाला भेटायला जायचा, आता देवच आपल्या मूळ गावी जाऊन येतो, जणू माहेरी गेल्यासारखा.

उमाबाई गेल्या, गुरूही गेले. मग मार्गशीर्ष वद्य षष्ठीला मोरया गोसावी हातात पोथी घेऊन पवनेकाठच्या भुयारात बसले आणि वरून शिळा लावून घेतली. याला संजीवन समाधी म्हणतात. परंपरेने सांगितलेले वर्ष आहे शके १४८३, म्हणजे इसवी सन १५६१. जन्म त्याच्याही दोनशे वर्षांआधीचा, चौदाव्या शतकातला सांगतात.

इथे माझी जुनी सवय जागी झाली. नोकरीची बरीच वर्षे मी बँकेत कर्जप्रकरणे पाहण्यात घालवली. जमीन तारण घ्यायची तर तीस वर्षांचा सर्च घ्यायचा, वारसनोंदी एकापुढे एक ठेवायच्या, बापाच्या मृत्यूची तारीख आणि मुलाच्या खरेदीखताची तारीख जुळते का ते पाहायचे. ती सवय देवळातही सुटत नाही. मोरयांच्या चरित्रात दुसरी एक लोकप्रिय कथा आहे. मुलगा चिंतामणी आणि देहूचे तुकोबा यांची भेट झाली, तुकोबांना चिंतामणींच्या ठायी साक्षात गणपती दिसला, त्यांनी त्यांना देव म्हटले आणि तेव्हापासून घराण्याचे आडनाव देव पडले. तुकोबांचे निर्याण १६५० च्या सुमाराचे. बापाची समाधी १५६१ ची असेल, तर मुलगा तुकोबांना भेटला तेव्हा शंभरीला टेकलेला असायला हवा. कथेत तसे कोणी सांगत नाही. दोन नोंदी जुळत नाहीत.

हे माझ्याआधी अनेक विद्वानांच्या लक्षात आले आहे. मोरयांचा काळ कोणता यावर अभ्यासकांत चौदाव्या शतकापासून सतराव्यापर्यंत मते आहेत. रा. चिं. ढेरे यांच्यासारख्या संशोधकाने हुमायूनचा काळ आणि शिवकाळ अशा दोन्ही शक्यता मांडल्या. काही अभ्यासक त्यांना सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात आणतात आणि समाधीचे वर्ष १६५१ धरतात. अशा वेळी बँकेतला माणूस काय करील? तो सही-शिक्क्याचा कागद शोधील. चिंचवडला तो कागद दगडाचा आहे. समाधीमंदिराच्या गाभाऱ्यात संस्कृत शिलालेख आहे. त्यानुसार हे देऊळ शके १५८०, विलंबी संवत्सरी, कार्तिक शुद्ध द्वादशीला सुरू झाले आणि विकारी संवत्सरी आषाढ शुद्ध चतुर्थीला, सोमवारी, पुरे झाले. म्हणजे १६५८ ची दिवाळी संपल्यावर सुरुवात आणि १६५९ च्या पावसाळ्याच्या तोंडाशी समाप्ती.

मी पंचांगाचा हिशेब करून पाहिला. शके १५८० हे विलंबी संवत्सरच आहे आणि पुढचे विकारी. वारही जुळतो. प्रतापगडचा प्रसंग १० नोव्हेंबर १६५९ चा, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमीचा, गुरुवारचा. तिथून तिथी मागे मोजत आलो की आषाढ शुद्ध चतुर्थी सोमवारीच येते. साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी ज्याने हा मजकूर सांगितला तो काटेकोर माणूस होता. १६५१ ची समाधी धरली, तर सात वर्षांनी देऊळ बांधायला घेणारे चिंतामणी महाराज हे खरोखरच मोरयांचे पुत्र ठरतात, आणि तुकोबांची भेटही वयात बसते. शंभर वर्षे वजा झाल्याने मोरयांचे काही उणे होत नाही. उलट दोनशे वर्षे जगलेल्या सिद्धापेक्षा, मुलाने ज्याच्या समाधीवर छप्पर घातले असा बाप मला जवळचा वाटतो.

आता तारखांकडे गवंड्याच्या नजरेने पाहा. कार्तिक शुद्ध द्वादशी म्हणजे तुळशीच्या लग्नाचे दिवस. चातुर्मास संपलेला, नदीचे पाणी उतरलेले, बैलगाड्यांचे रस्ते सुकलेले. आषाढाची चौथ म्हणजे मृग बरसून गेलेला आणि आभाळ पुन्हा भरत आलेले. दोन पावसाळ्यांमधले जेमतेम आठ महिने. नदीकाठी काम करणाऱ्याला यापेक्षा मोठी मुदत मिळत नाही. अर्धवट भिंत पुराच्या पाण्यात सोडून चालत नाही. देऊळ एवढेसे का, या माझ्या प्रश्नाचे एक उत्तर इथे आहे. जागा ठरलेली होती, कारण समाधी तिथेच होती. मुदत नदीने ठरवलेली होती. तेवढ्या मुदतीत काळ्या दगडात आणि चुन्यात जे पुरे होईल तेवढेच बांधले.

आणि काय बांधले हेही पाहण्यासारखे आहे. गाभारा अष्टकोनी केला. चौकोनी खोलीवर दगडी घुमट टाकायचा तर चार कोपरे तोडून आठ करावे लागतात, ही युक्ती दख्खनच्या गवंड्यांच्या हातात विजापूर-अहमदनगरच्या इमारती बांधून बांधून मुरली होती. मोरगावच्या देवळाच्या तटाला चारही कोपऱ्यांत मिनार आहेत हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना याचे नवल वाटणार नाही. कारागीर तेच होते. काल दर्गा, आज देऊळ. चिंचवडच्या गाभाऱ्यात कोरीवकामाची हौस नाही. माणूस आत शिरतो तो वाकून, आणि डोळे अंधाराला सरावले की वर गणपती आणि त्याच्या तळाशी समाधी एवढेच समोर राहते. ज्याने आयुष्यभर बिनकोरलेल्या तांदळ्याची पूजा केली, त्याच्या समाधीवर नक्षी शोभलीही नसती.

देऊळ पुरे झाल्यावर पाच महिन्यांनी प्रतापगडाखाली अफझलखान पडला. पुढच्या वर्षी, १६६० मध्ये, शाहिस्तेखान पुण्यात येऊन बसला आणि त्याने चाकणच्या संग्रामदुर्गाला वेढा घातला. फिरंगोजी नरसाळ्याने तो भुईकोट सुमारे दोन महिने भर पावसात लढवला आणि मग सुरुंगाने बुरूज उडाला. पुण्याहून चाकणच्या वाटेवर हा सगळा मुलूख लागतो, आज जिथे कंटेनरांच्या रांगा असतात तो. चिंतामणी महाराजांनी एक पावसाळा जरी वाट पाहिली असती, तरी घडवलेले दगड कोणाच्या मोर्चाला लागले असते सांगता येत नाही. शांततेच्या दोन ऋतूंमधल्या फटीत हे देऊळ उभे राहिले.

मोरयांच्या पश्चात घराणे वाढत गेले. गणपतीने सात पिढ्या या कुळात वास केला अशी श्रद्धा रूढ झाली आणि गादीवरचा प्रत्येक पुरुष चालताबोलता देव मानला जाऊ लागला. इनाम गावे आली, मोगलांकडून आली, मराठ्यांकडून आली. शिवाजी महाराजांचाही या संस्थानाशी संबंध होता. देवांच्या अन्नछत्रासाठी बाजारात कमी भावाने माल घ्यायची जुनी वहिवाट होती. तिचा जाच रयतेला होतो हे ध्यानात आल्यावर महाराजांनी ती बंद केली आणि संस्थानाला लागणारे सरकारी कोठारातून द्यायची व्यवस्था लावली. धर्मादाय करायचा तर तो आपल्या खिशातून, दुकानदाराच्या नव्हे, हा हिशेब आजच्या वर्गणीवाल्यांनीही वाचण्यासारखा आहे.

पेशवे गणपतीचे भक्त, त्यामुळे त्यांच्या काळात वैभव शिगेला गेले. थोरले माधवराव तर थेऊरच्या चिंतामणीपाशी जाऊन राहिले. तिथला लाकडी सभामंडप त्यांचा, आणि १८ नोव्हेंबर १७७२ रोजी त्यांनी देह ठेवला तोही तिथेच. मोरगाव, थेऊर आणि सिद्धटेक या अष्टविनायकांतल्या तीन स्थानांची व्यवस्था चिंचवड संस्थानाकडे आली ती आजही आहे.

याच सुमारास परदेशी पाहुणे चिंचवडला येऊ लागले. १८०० साली एडवर्ड मूर नावाचा कंपनीचा लष्करी अधिकारी आला आणि त्याने या वंशपरंपरागत जिवंत देवाची हकीकत कलकत्त्याच्या एशियाटिक रिसर्चेस या ग्रंथमालेत लिहिली. १८०९ मध्ये मारिया ग्रॅहम ही लेखिका येऊन गेली. तिला गादीवर दिसला तो एक लहान मुलगा. इतर मुलांसारखाच, फक्त डोळ्यांत एक बावरलेपण होते आणि त्याला रोज अफू दिली जाते असे तिच्या कानावर आले होते. गोऱ्या पाहुण्यांच्या लिहिण्यात तुच्छता असतेच, ती वजा करावी. तरी तो मुलगा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. ज्या घराचा मूळ पुरुष तिथी आली की पडशी उचलून ऐंशी किलोमीटर चालायचा, त्याच घरात सातव्या पिढीला एका पोराला देव म्हणून बसवून ठेवले होते. त्याला चालायची मुभा तरी होती का? १८१० मध्ये ही थेट परंपरा संपली आणि इनामे राखण्यासाठी लांबच्या नात्यातला वारस दत्तक घ्यावा लागला.

या दोनशे वर्षांत घराण्याच्या हाती पैसा होता, कारागीर होते, राजाश्रय होता. समाधीमंदिर पाडून त्या जागी उत्तुंग शिखराचे देऊळ बांधणे कोणालाही अवघड नव्हते. ते कोणी केले नाही. वाडा वाढला, ओवऱ्या झाल्या, घाट झाला. समाधीवरचे छप्पर मात्र चिंतामणी महाराजांनी १६५९ मध्ये घातले तेवढेच राहिले. एवढेसे का, याचे दुसरे उत्तर हे. संपत्ती मुलानातवंडांकडे गेली, बाप होता तसाच राहू दिला. याबद्दल मी त्या घराण्याचा फार मोठा ऋणी आहे.

अशी लहान देवळे जगात इतरत्रही आहेत. आल्प्सच्या दऱ्यांतल्या खेड्यांत गावच्या दगडाची, गावच्या गवंड्यांनी बांधलेली इवलीशी प्रार्थनास्थळे असतात. दावोसचे नाव आपण दर जानेवारीत गुंतवणुकीच्या बातम्यांत वाचतो. त्याच दरीत फ्राउएनकिर्श नावाचे खेडे आहे. तिथल्या चर्चची डोंगराकडची भिंत होडीच्या नाळेसारखी टोकदार केली आहे. डोंगरावरून हिमलोट आला की तो या टोकावर दुभंगतो आणि दोन्ही बाजूंनी निघून जातो. संकट कुठून येणार हे त्या गवंड्यांना माहीत होते. ते टळणार नाही हेही माहीत होते. म्हणून त्यांनी देवघरच त्याच्या समोर घट्ट रोवले.

चिंचवडला डोंगराच्या जागी नदी आहे. पावसाळ्यात पवना चढली आणि धरणातून विसर्ग वाढला की पाणी घाट ओलांडून समाधीमंदिरात शिरते. २०१९ मध्ये शिरले, २०२४ मध्येही शिरले. ठेंगणे, जाड भिंतींचे, घट्ट बांधणीचे देऊळ पाण्याखाली काही तास राहते, पाणी ओसरते, पुजारी आणि गावकरी गाळ काढतात, दिवा पुन्हा लागतो. साडेतीनशेहून अधिक पावसाळे त्या दगडांनी असेच काढले आहेत. बांधणाऱ्यांनी नदीशी भांडण मांडले नव्हते. तिच्याकडून आठ महिने मागून घेतले होते आणि वर्षातले चार दिवस तिला परत द्यायची तयारी ठेवली होती.

बदलले आहे ते भोवतालचे. १९५४ मध्ये पिंपरीला पेनिसिलिनचा सरकारी कारखाना स्थापन झाला, मग मोटारी आल्या, स्कूटरी आल्या, औद्योगिक वसाहती आल्या. १९७० मध्ये नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका. मी या पट्ट्यात नोकरी केली तेव्हा सांगली-साताऱ्याकडून, मराठवाड्यातून, विदर्भातून आलेली माणसे लेथ मशिनसाठी कर्ज मागायला यायची. पुढे शेडचे उद्घाटन असले की मशिनला हार घालून मोरयाचाच गजर व्हायचा. त्यांनी या गावाला पोटाचे गाव केले आणि गावाने त्यांना सामावून घेतले, याचा मला आनंदच आहे. पण या वाढीत नदीकाठचे मळे बुजले, ओढे पाइपात गेले आणि भराव घालून पूररेषेपर्यंत प्लॉट पडले. पाण्याला पसरायला जागा उरली नाही की ते उंच चढते, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. शिवाय ते पाणी आता १६५९ चे नाही. त्यात कारखान्यांचे आणि आपल्या न्हाणीघरांचे सांडपाणी आहे. पाण्याचा जोर काळा दगड सोसतो. रसायने त्याच्या सांध्यातला चुना किती दिवस सोसतील?

ज्या नदीत मोरया उतरायचे, तिच्यातच आपण दर वर्षी त्यांचे नाव घेत मूर्ती सोडतो. नाव आपण जपले आहे. आता नदी जपली, तर समाधी आपोआप जपली जाईल. त्यासाठी नवे स्मारक नको, संगमरवर नको, रोषणाई नको. मार्गशीर्षात समाधीचा उत्सव असतो, तेव्हा गर्दी फार. त्याऐवजी मुलांना घेऊन एखाद्या साध्या दिवशी, सकाळी लवकर जा. वाकून आत शिरा. आषाढ शुद्ध चतुर्थीचा तो लेख कुठे आहे ते विचारा आणि मुलांना दाखवा. बाहेर आलात की घाटाच्या पायऱ्यांवर थोडा वेळ बसा, आणि पाणी कुठल्या पायरीला आहे तेवढे बघून ठेवा.